विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ की सॅव्हेज ९९? लिव्हर-ॲक्शन रायफल निवडताना या चुका टाळा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे. त्यामुळे हा लेख मुख्यतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या, तिथल्या परवान्याने हरणाच्या हंगामात जंगलात जाणाऱ्या किंवा जुन्या रायफली जमवणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. लिव्हर-ॲक्शन म्हणजे चापाभोवतीचा दांडा (लिव्हर) पुढे-मागे करून पुढचं काडतूस चढवायची रायफल. तिथे जुन्या बाजारात या तीन रायफली शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात आणि घेणारा बहुतेक वेळा किंमत, लाकडाची झळाळी आणि नाव पाहून ठरवतो. मग घरी आल्यावर स्कोप (नेमाची दुर्बीण) बसत नाही, नाहीतर काडतूस अडकतं. यांची तुलना करायची तर आधी यंत्रणा बघावी लागते: रिकामी पुंगळी कुठून बाहेर पडते, काडतुसं कुठे आणि कशी बसतात, बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) कसा निघतो.

जुन्या ९४ वर स्कोप चढवण्याचा हट्ट

जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर ९४ पुंगळी सरळ वर फेकते. रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या धातूच्या पेटीच्या) डोक्यावर स्कोप बसवला की पुंगळी त्याच्या नळीवर आपटते आणि परत यंत्रणेत पडते. दोन-तीन बारांत अडकलीच म्हणून समजा. काही जण डावीकडे सरकवलेला साइड माउंट लावतात. तो चालतो, पण डोकं दस्त्यावरून बाजूला सरकवावं लागतं, गाल टेकत नाही, आणि घाईच्या बाराला नेम चुकतो. शिवाय स्कोप नळीच्या रेषेत नसल्यामुळे एका अंतरावर जुळवलेला नेम दुसऱ्या अंतरावर आडवा सरकतो.

१९८० च्या दशकात आलेल्या 'अँगल इजेक्ट' ९४ मध्ये पुंगळी उजवीकडे तिरकी जाते, त्यामुळे तिच्यावर स्कोप बसतो. ९४ आणि स्कोप दोन्ही हवेत, तर ही किंवा हिच्यानंतरची घ्या. जुनी घेतली असेल तर रिसीव्हरवर पीप साइट (भोकातून बघून नेम धरायची चकती) लावा. दाट झाडीत, पन्नास-साठ यार्डांवर, तिच्याइतकं चटकन जुळणारं दुसरं काही नाही. छोट्या भोकाची चकती काढून मोठं भोक मोकळं ठेवा, संध्याकाळच्या उजेडात तेच उपयोगी पडतं.

मार्लिन ३३६ ची गोष्ट वेगळी. तिचा माथा सपाट आणि बंद असतो, पुंगळी उजव्या बाजूने निघते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बहुतेक रायफलींच्या माथ्यावर स्कोपसाठी भोकं तयारच सापडतात. एकच अडचण: स्कोप खाली बसला की घोड्यावर (मागच्या हॅमरवर) अंगठा पोचत नाही. घोड्याच्या बाजूला लावायचा छोटा जोड मिळतो, तो आधी लावून घ्या. नाहीतर घोडा हळूच खाली सोडताना अंगठा निसटतो, आणि हातमोजे घातले असतील तर निसटतोच.

टोकदार गोळी नळीच्या मॅगझीनमध्ये भरणे

ही चूक जिवावर बेतू शकते. ९४ आणि ३३६ मध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (तळातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीला) टेकलेलं असतं. टोक कडक आणि अणकुचीदार असलं, तर बाराच्या धक्क्याने मॅगझीनमधलंच काडतूस उडू शकतं. म्हणून .३०-३० या यांच्या नेहमीच्या काडतुसाच्या पारंपरिक गोळ्या चपट्या किंवा गोल टोकाच्या असतात: साधारण १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), वेग २,३९० फूट प्रति सेकंद, किंवा १७० ग्रेन, २,२०० फूट प्रति सेकंद. २००६ मध्ये हॉर्नाडी या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीने मऊ प्लॅस्टिकच्या टोकाची टोकदार गोळी आणली. ती या मॅगझीनसाठीच बनवलेली आहे. 'टोकावर प्लॅस्टिक आहे' म्हणून दुसरी कुठलीही गोळी भरू नका, कारण बोल्ट-ॲक्शन (लिव्हरऐवजी बोल्ट हाताने सरकवायच्या) रायफलींसाठीच्या गोळ्यांची टोकंही प्लॅस्टिकचीच असतात, पण कडक.

सॅव्हेज ९९ चा डाव इथे सरस. आर्थर सॅव्हेजने तिला नळीऐवजी फिरत्या चक्राचं मॅगझीन दिलं. प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत झोपतं, कुणाचं टोक कुणाला टेकत नाही. म्हणून तिच्यात टोकदार गोळी चालते, आणि पुढे .३०८ विंचेस्टरसारखं काडतूसही आलं. १०० यार्डांवर नेम जुळवला, तर २०० यार्डांवर .३०-३० ची १७० ग्रेनची गोळी सुमारे ८ ते ९ इंच खाली पडते, .३०८ ची १५० ग्रेनची सुमारे ४ इंच. तुमचं जंगल दाट असेल तर हा फरक विसरून जा. शेताच्या बांधावर बसून लांबचा बार घ्यायचा असेल तर तोच निर्णायक ठरतो.

'थ्री-नॉट-थ्री'चा घोळ

जुनी सॅव्हेज .३०३ सॅव्हेज या काडतुसाची असू शकते. आपल्याकडे पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री म्हणजे .३०३ ब्रिटिश. नाव सारखं, काडतूस पूर्ण वेगळं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. नळीवर कोरलेलं पूर्ण नाव वाचा. .२५०-३००० सॅव्हेजच्या जुन्या नळ्यांतही एक खोच आहे. त्यांच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा १४ इंचांत एक वळसा घेतात. ८७ ग्रेनच्या गोळीला तेवढा पुरतो, पण १२० ग्रेनची लांब गोळी हवेत डगमगते आणि कागदावर आडवी भोकं पाडते. माणूस मग स्कोपला दोष देत बसतो.

९९ चा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो. म्हणून घरी जास्त दारू भरून काडतुसं बनवणाऱ्यांच्या पुंगळ्या लवकर ताणतात आणि तळाजवळ तडकतात. पुस्तकातली कमाल दारू टाळा. विकत घेताना दस्त्याचा पुढचा भाग, जिथे लाकूड रिसीव्हरला भिडतं, तिथे बारीक चीर शोधा. दस्त्याच्या आतला, लाकूड आवळणारा लांब स्क्रू सैल पडला की दर बाराला लाकूड मागे ठोकलं जातं आणि चीर पडते.

'प्री-६४' हा मंत्र

'प्री-६४' म्हणजे १९६४ च्या आधीची ९४. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवला: कॅरिअर (काडतूस नळीकडे उचलणारा भाग) पत्र्याचा ठोकून काढला, भरीव पिनांऐवजी पोकळ पिना आल्या, रिसीव्हरचा धातू बदलला. सुमारे २७,००,००० च्या पुढचा क्रमांक म्हणजे ६४ नंतरची, असा सर्वसाधारण हिशोब. पण म्हणून ती नीट मारत नाही, हे खोटं. नळी चांगली असेल तर कागदावरचे गट (एका नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) सारखेच पडतात, आणि पुढच्या काही वर्षांत सुधारणाही झाल्या. खरी अडचण नव्याने रंगवताना येते. त्या काळच्या रिसीव्हरवर नेहमीचं निळं ब्लूइंग (लोखंडावर चढवलेला निळसर काळा रंग) धरत नाही, जांभळट होतं किंवा सोलतं. रंग उडालेली स्वस्तात मिळाली आणि 'नंतर ब्लू करून घेऊ' असा विचार असेल, तर थांबा.

मार्लिनमध्ये हाच घोळ 'जेएम' छापाचा. नळीवर रिसीव्हरच्या लगत छोट्या लंबगोलात ही अक्षरं दिसली, तर ती कनेटिकटमधल्या जुन्या कारखान्याची. पुढे मालक झालेल्या रेमिंग्टनने काम न्यूयॉर्कमधल्या इलियनला हलवलं, तेव्हाच्या सुरुवातीच्या रायफलींत लाकूड-लोखंडाची सांधणी आणि साइटची सरळ रेषा दोन्ही तपासून घ्या. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली. त्यांच्या नव्या रायफलींचा क्रमांक 'आरएम' ने सुरू होतो आणि त्या नीट बनलेल्या आहेत. १९७३ नंतरच्या जुन्या ३३६ चं साल काढायचं, तर क्रमांकाचे पहिले दोन अंक २००० मधून वजा करा: २२ ने सुरू होत असेल तर १९७८.

काडतूस अडकतं तेव्हा

सर्वांत मोठं कारण म्हणजे अर्धवट लिव्हर. घाबरत, हळूहळू लिव्हर ढकलणाऱ्याचं काडतूस हमखास अडकतं. लिव्हर पुढे शेवटापर्यंत, ठोकून, आणि तितक्याच जोरात मागे. तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात.

चाप दबत नसेल तर लिव्हर पूर्ण मिटलेला नाही. ९४ आणि ३३६ दोन्हींत लिव्हर दस्त्याला घट्ट भिडल्याशिवाय चाप सुटत नाही, हा बिघाड नाही, सुरक्षा आहे. मूठ आवळून लिव्हर दाबा.

मार्लिनचा खास आजार वेगळा आहे, आणि मार्लिनच्याच १८९४ मॉडेलमध्ये तो जास्त दिसतो. लिव्हरच्या पुढच्या टोकाचा वळणदार उंचवटा कॅरिअर उचलतो. त्याची कड धारदार राहिली, तर कॅरिअरच्या खालच्या बाजूला कानशीने कापल्यासारखी खाच पडते. खाच खोल झाली की कॅरिअर पुरेसा उंच राहत नाही, मॅगझीनमधलं पुढचं काडतूस त्याच्याखाली घुसतं आणि लिव्हर मध्येच घट्ट बसतो. अशा वेळी:

१. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. घोडा ताणलेला आहे, हे लक्षात ठेवा. लिव्हरवर हातोडी नको.
२. मॅगझीनच्या पुढच्या टोकाचा छोटा स्क्रू काढून बूच काढा. आत स्प्रिंग ताणलेली आहे, तोंडासमोर धरू नका. उरलेली काडतुसं बाहेर सोडा.
३. लिव्हरचा स्क्रू काढा, लिव्हर हलवत खाली ओढा.
४. बोल्ट मागे सरकवून काढा, मग डाव्या भिंतीतला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारी पट्टी) उचला. अडकलेलं काडतूस आता निघेल.

कायमचा उपाय बंदूक-कारागिराकडून: लिव्हरच्या उंचवट्याची कड दगडाने गोल करून गुळगुळीत करणे, आणि कॅरिअर बदलणे किंवा खाचेवर तुकडा बसवणे. नुसता कॅरिअर बदलला आणि कड तशीच ठेवली, तर नवा कॅरिअरही कापला जातो.

विकत घेण्यापूर्वी सहा डमी (दारू नसलेली) काडतुसं खिशात असू द्या, पण योग्य लांबीची. .३०-३० ची कमाल लांबी २.५५० इंच आहे. आखूड किंवा लांब डमीने चांगली रायफलही अडकते, आणि तुम्ही उगाच नाकारता.

४५-७० मध्ये दारूचा प्रकार न बघणे

हे मार्लिन १८९५ ही .४५-७० काडतुसाची रायफल घेणाऱ्यांसाठी. याच काडतुसात तीन ताकदीच्या गोळ्या मिळतात. साधी, सुमारे २८,००० पीएसआयपर्यंतची (पीएसआय हे दाबाचं माप), जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या एकबारी रायफलीलाही चालते. मधली ४०,००० च्या आसपासची मार्लिनसाठी. त्यापुढच्या फक्त मजबूत एकबारी रायफलींसाठी. डबीवर लिहिलेलं वाचा. तीच गोष्ट विंचेस्टरच्या १८७३ मॉडेलच्या .४४-४० ची. तिची सांध्यावर चालणारी यंत्रणा नाजूक आहे, तिला कमी दाबाचीच काडतुसं द्या.

साफसफाईचा हिशोब न धरणे

इथे मार्लिन पुढे आहे. एका स्क्रूत लिव्हर, मग बोल्ट, मग इजेक्टर, आणि नळी मागून साफ होते. ९४ आणि ९९ मध्ये एवढ्यासाठी सगळं उघडावं लागतं, म्हणून गज पुढच्या तोंडातून घालतात. तोंडाच्या कडेवर गज घासला की अचूकता हळूहळू जाते. नळीच्या तोंडात बसणारी पितळी टोपी वापरा. गज एका तुकड्याचा असू द्या. जोडांचा गज सांध्यावर वाकून नळीला घासतो. थंडीत फायरिंग पिनवर (प्रायमरवर ठोका देणाऱ्या सळीवर) तेल थापू नका. ते घट्ट होतं आणि प्रायमरवर ठोका हलका पडतो.

स्क्रूचे माथे पाहून आधीच्या मालकाची ओळख पटते. खाचा फाटलेल्या असतील तर साधा घरगुती पेचकस वापरला गेलाय. बंदुकीच्या खाचांत समांतर पात्याचा, खाचेइतकाच रुंद पेचकस लागतो.

मैदानावर चुकीची परीक्षा

९४ आणि ३३६ च्या नळीला मॅगझीन आणि पुढचं लाकूड पट्ट्यांनी जोडलेलं असतं. नळी तापली की सगळं एकमेकांना ओढतं आणि गोळ्या वर चढत जातात. दहा बार सलग मारून 'गट पसरतो' म्हणू नका. तीन बार मारा, नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा, पुन्हा तीन. टेकू पुढच्या लाकडाखाली हवा, नळीखाली नको. १०० यार्डांवर पहिल्या तीन गार बारांचा गट ३ इंचांत पडला, तर हरणाच्या शिकारीसाठी रायफल उत्तम आहे.