पहिल्या कादंबरीची उपकारस्तुती आणि विक्री

पहिली कादंबरी छापून घरी आली की ख्रिस्ती लेखिकेपुढे दोन कामे एकदम उभी राहतात: देवाचे उपकार मानायचे आणि पुस्तक वाचकांपर्यंत न्यायचे. दोन्ही एकमेकांत मिसळली की घोळ होतो. उपकारस्तुतीच्या शेवटी किंमत आणि फोन नंबर आला की ऐकणाऱ्यांचे मन प्रार्थनेतून उठून जाते. म्हणून आधी उपकारस्तुती, मग विक्री. वेळ वेगळी, जागाही वेगळी.

गठ्ठे फोडले की विक्रीआधी दहा प्रती बाजूला काढा. पुस्तक स्वतःच प्रकाशित केले असेल तर त्यातल्या चार कायद्याच्या. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 30 दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी या चौघांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. उरलेल्या सहा माणसांच्या: पाळक (चर्चचे धर्मगुरू), हस्तलिखित वाचून देणारी मैत्रीण, मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार, घरचे एक आणि मंडळीचे (चर्चचे) वाचनालय. प्रत्येक प्रतीत आपल्या अक्षरात नेमकी मदत लिहा. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार’ हे कोणालाही लिहिता येते. ‘सातव्या प्रकरणातल्या तारखा जुळत नव्हत्या, त्या तुम्ही दाखवल्यात’ हे एकाच माणसाला. आणि जमेल तिथे प्रत स्वतः नेऊन द्या. लूकच्या 17व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी उपकार मानायला एकच परत आला, आणि तो चालत आला.

मंडळीत घोषणा हवी असेल तर पाळकांना किमान तीन आठवडे आधी, आठवड्याच्या मधल्या दिवशी भेटा. रविवारी उपासनेच्या दहा मिनिटे आधी विचारले तर त्यांना नीट विचार करायला वेळच मिळत नाही. तीन गोष्टी ठरवून घ्या: घोषणा कोण करणार, टेबल कुठे मांडायचे, कमिटीची संमती लागते का. टेबल आवारात, उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादानंतर. पैसे घ्यायला महिला मंडळातल्या एखाद्या ताईंना बसवा, म्हणजे तुम्हाला वाचकांशी बोलता येईल. किंमत 250 असेल तर पन्नासच्या निदान वीस नोटा जवळ हव्यात. डेमी आकाराची 200 पानी प्रत साधारण 230 ग्रॅम भरते, म्हणजे 40 प्रतींचा खोका नऊ किलोंच्या पुढे जातो. त्याहून मोठा बांधू नका.

साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव मंडळीपुढे सांगायला, सांगितले तर तीन मिनिटे, म्हणजे सुमारे 300 शब्द. लिहून काढा आणि घड्याळ लावून वाचा. कुठे अडलात, मदत कशी मिळाली, कोणाचे उपकार, एवढेच. किती प्रती खपल्या हे साक्षीत नको. ‘ही कादंबरी देवानेच लिहिली’ असेही म्हणू नका. भावना खरी असते, पण ते ऐकल्यावर ज्याला पुस्तक आवडले नाही त्याला बोलायची चोरी होते, आणि मुद्रणदोषही देवाच्या नावावर जातात. ‘लिहिताना त्याने सांभाळले’ हे वाक्य पुरेसे आणि खरे आहे.

दशांश म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा भाग. त्याचा हिशेब बहुतेकींचा इथे चुकतो: तो छापील किमतीवर काढला जातो. 250 रुपयांच्या प्रतीवर विक्रेत्याला 40 टक्के सूट दिली तर हाती 150 येतात. छपाईला 95 लागले असतील तर उरतात 55; त्याचा दशांश साडेपाच रुपये, पंचवीस नव्हे. थेट विक्रीत उरतात 155, दशांश साडेपंधरा. वहीत दोन्ही विक्रींचे रकाने वेगळे ठेवा. छापील किमतीवर देत गेलात तर पुढच्या आवृत्तीचे भांडवल नकळत आटते. यापलीकडे कोणाला मनापासून जास्त द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण जाणून. ‘विक्रीतला हिस्सा सेवाकार्याला’ असे फलकावर लिहायचे असेल तर पावती दाखवायची तयारी हवी. नाहीतर मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे गुपचूप द्यावे; आमचे मत गुपचूप देण्याच्याच बाजूला आहे.

प्रकाशन डिसेंबरात ठेवू नका. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचा काळ, 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान सुरू होतो आणि मग नाताळापर्यंत कोणालाच संध्याकाळ मोकळी नसते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा चांगला: समारंभ होतो, आणि नाताळच्या भेटींसाठी प्रतीही हाताशी राहतात.

सार्वजनिक वाचनालयात बोलताना शब्द जपा. ‘मंडळी’ म्हणजे चर्च, ‘साक्ष’ म्हणजे अनुभवकथन, हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसते. एकदा सांगून पुढे जा. तिथे प्रवचन नको, पात्रांविषयी बोला. श्रद्धेबद्दल कोणी विचारले तर मोकळेपणाने उत्तर द्या. आणि संकोच बाळगू नका. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, ‘यमुनापर्यटन’, 1857 साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाचीच. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. भाषणाच्या सुरुवातीला या पूर्वसुरींचे ऋण एका वाक्यात माना.

तुमच्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीला वस्तूंचा लिलाव होत असेल तर धान्य-भाजीबरोबर सहीची एक प्रत ठेवा. बोली कितीही चढो, ती रक्कम मंडळीची. वहीत त्या प्रतीपुढे ‘अर्पण’ लिहा आणि विक्रीत धरू नका.