बाळंतपण माहेरी असो की सासरी, बापाने तयारी कशी करावी?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. ओटी भरली, डोहाळजेवण झालं की मुलगी आईकडे जाते, आणि जावयाला फोन येतो तो थेट बाळ झाल्यावर. मग तो पेढे किंवा बर्फी घेऊन गाडीत बसतो. माहेरपणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या दिवसांत आईच्या हाताखाली मिळणारा आराम दुसरीकडे कुठे मिळणार? पण या रीतीत बापासाठी जागा राखलेली नाही. ती त्याने स्वतःहून आणि वेळेआधी करून घ्यावी लागते. माझ्या मुलीचा जन्म बायकोच्या माहेरी, तालुक्याच्या गावी झाला आणि मी लेबर रूममध्ये बायकोच्या उशाशी होतो. ते जमलं कारण सातव्या महिन्यातच बोलणी केली होती. पहिल्यांदा बाप होणाऱ्या प्रत्येकाने ती करावीत असं मला मनापासून वाटतं.

१. सातव्या महिन्यात दवाखाना पक्का करा, आणि स्वतः जाऊन बघा

नऊ महिने तपासणी एका शहरात आणि बाळंतपण दुसऱ्या गावात, असं असेल तर नव्या डॉक्टरांकडची पहिली भेट तुम्ही चुकवू नका. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट आणि माता व बाल संरक्षण कार्ड एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या, शिवाय प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

त्या भेटीत संकोच न करता विचारायचं. रात्री-अपरात्री डॉक्टर स्वतः येतात का? अचानक सिझर करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्तपेढी किती लांब आहे? बाळाला काही त्रास झाला तर बालरोगतज्ज्ञ इथे येतात की बाळाला हलवावं लागतं, आणि हलवायचं तर कुठे? दवाखाना चकचकीत आहे की साधा, यापेक्षा ही उत्तरं मोलाची आहेत.

मग आपला प्रश्न: कळा सुरू असताना मी तिच्याजवळ थांबू शकतो का? जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक बाईसाठी तिच्या पसंतीची सोबत सुचवते. सरकारी दवाखान्यांसाठीही केंद्राने २०१६ साली प्रसूतीच्या वेळी सोबत ठेवायला मान्यता दिली. तिथे सोबतीला शक्यतो बाळंतपणाचा अनुभव असलेली बाई असावी, आणि आडोशाची नीट सोय असेल तर नवऱ्यालाही थांबता येतं. प्रत्यक्षात अडचण येते ती एकाच खोलीत दोन-तीन बायका असल्यामुळे, आणि त्या बायकांचाही विचार करायला हवा. पडदा आहे का, वेगळी खोली मिळेल का, हे आधी विचारलं तर मार्ग निघतो. ऐन वेळी दारात वाद घालून निघत नाही. आणि सगळ्यात आधी बायकोला विचारा. तिला आत आई हवी असेल, तर आत आईच जाईल.

याच भेटीत दोघांचे रक्तगट सांगा. ती आरएच निगेटिव्ह आणि तुम्ही पॉझिटिव्ह असाल, तर बाळाचा गट पॉझिटिव्ह असू शकतो. अशा वेळी साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू नयेत म्हणून) द्यावं लागतं. याची आठवण ठेवणं हे तुमचं काम समजा.

२. पैसा, रजा, गाडी

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत तसा कायदा नाही, त्यामुळे साहेबांशी आठव्या महिन्यातच बोला. दिलेल्या तारखेलाच बाळ येईल असं गृहीत धरून रजा टाकू नका. पहिलटकरणीचे दिवस मागेपुढे होतातच. माझ्या मते थोडी रजा कळा सुरू होण्यासाठी आणि जास्त रजा घरी आल्यानंतरसाठी राखावी.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत असतं. साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, शिवाय घरून नेण्याआणण्याची गाडीही. गर्भवतींच्या गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही क्रमांक सासऱ्यांच्या फोनमध्येही घालून द्या. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर साधी प्रसूती आणि सिझर, दोन्हींचा अंदाजे खर्च विचारून मोठ्या आकड्याची तरतूद करा. विमा असेल तर प्रसूतीसाठीचा प्रतीक्षाकाळ संपला आहे का, आणि बाळाचं नाव पॉलिसीत किती दिवसांत घालायचं, हे तपासा.

३. पिशवी भरा

दवाखाना यादी देतोच, त्यामुळे लांबण लावत नाही. बाळासाठी झबली, टोपडी, लंगोट आणि आजीच्या जुन्या सुती साडीची मऊ, धुतलेली दुपटी. बायकोसाठी पुढून उघडणारे गाऊन आणि मोठे पॅड. तुमच्यासाठी चार्जर, सुटे पैसे, स्वच्छ शर्ट आणि खायला काहीतरी. उपाशी माणसाला लेबर रूममध्ये चक्कर येते.

४. कळा ओळखायला दोघांनी मिळून शिका

शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून कडक होतं. कूस बदलली, थोडं चाललं, पाणी प्यायलं की या खोट्या कळा थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. मोबाइलवर वेळ टिपत जा: कळ कधी सुरू झाली, किती टिकली, पुढची कधी आली. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी मिनिटभराची कळ येते आहे आणि तासभर असंच चाललंय, तर निघायची वेळ झाली. दवाखाना लांब असेल, घाट असेल, पावसाळा असेल, तर त्याआधीच निघा.

काही गोष्टींत मात्र कळांची वाट बघायचीच नाही. पाणी गेलं (आणि ते हिरवट असेल तर अधिकच घाई), अंगावरून लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, किंवा ३७ आठवडे भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, की लगेच फोन आणि लगेच गाडी.

तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर पहिली कळ आली की निघा. ‘अजून वेळ आहे, सकाळी ये’ असं मायेने सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

५. लेबर रूममध्ये

या भागाबद्दल पुरुषांना कोणी काही सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट वेळेची. गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. पाच सेंटिमीटरपर्यंतचा काळ फार लांबू शकतो, आणि तो लांबला म्हणजे काही बिघडलंय असं नसतं. पाचनंतर वेग येतो, तरी पहिल्या खेपेला पुढेही बरेच तास जाऊ शकतात. हे मला आधी माहीत होतं म्हणून मी दर अर्ध्या तासाने सिस्टरांना ‘किती झालं?’ विचारत बसलो नाही, आणि माझी घालमेल बायकोपर्यंत पोचली नाही.

सुरुवातीच्या काळात तिला पडून राहायला लावू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालू द्या, तुमच्या गळ्यात हात टाकून झुलू द्या. पडायचं तर डाव्या कुशीवर. कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेने जोर देऊन दाबून धरा. हळुवार चोळण्यापेक्षा हा दाब खूप उपयोगी पडतो. कुठे आणि किती जोरात, ते ती सांगेल. मध्येच ‘हात लावू नको’ म्हणाली तर हात काढायचा आणि तिथेच बसायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दोन कळांच्या मध्ये घोट-घोट पाणी, ओठ कोरडे पडले की ओला रुमाल. दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यायची आठवणही तुम्हीच ठेवा. भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं, आणि त्या गडबडीत तिला ते सुचत नाही.

बोलायचं कमी. ‘श्वास सोड, सावकाश सोड’ एवढंच, आणि तुम्ही स्वतः तसा श्वास घेऊन दाखवा. ‘सगळ्याच बायकांना होतं’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ‘आता सहन होत नाही’ असं ती म्हणाली, तर सिस्टरांना तिच्या वतीने विचारा: वेदना कमी करायला इथे काय उपाय आहे? एपिड्युरलची (कमरेत सुईने औषध देऊन कळांच्या वेदना कमी करण्याची) सोय असेल तर निर्णय तिचा. कोणी तिच्यावर खेकसलं, तर आवाज न चढवता पण ठामपणे ‘ताई, तिच्याशी जरा सबुरीने बोला’ एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. बाहेरून येणारे फोन एका भावाकडे किंवा मेहुण्याकडे सोपवा. तुमचा फोन खिशात राहू द्या.

जोर लावायची वेळ आली की सिस्टर सांगतील तेव्हाच तिला साथ द्या. हाही टप्पा पहिल्या खेपेला कधी दोन-तीन तास चालतो. तुमची जागा तिच्या उशाशी. मान आणि खांदे आधाराने उचलून धरायचे, हात हातात द्यायचा. डोकं हलकं वाटलं तर लगेच खाली बसा, त्यात कमीपणा नाही.

बाळ बाहेर येतं तेव्हा ते चित्रातल्यासारखं नसतं. डोकं लांबट असतं, अंगावर पांढरा थर असतो, हातपाय निळसर असतात. क्षणभर काळजात चर्र होतं. मग ते रडतं. त्या क्षणी मी मुलीकडे बघत होतो की बायकोकडे, हे मला आजही सांगता येत नाही. दोघींकडे बघायला मी तिथे होतो, हे मला फार मोठं वाटतं.

६. सिझर झालं तर

सिझर ठरलं की धावपळ होते आणि कागद पुढे येतात. वाचून सही करा, आणि बायकोलाही काय चाललंय ते सांगा. शरीर तिचं आहे. कारण एका वाक्यात डॉक्टरांकडून ऐकून घ्या. ऑपरेशन थिएटरमध्ये बहुतेक ठिकाणी नवऱ्याला घेत नाहीत. अशा वेळी बाळ बाहेर आणलं की, ते ठणठणीत असेल तर, शर्टाची बटणं काढून त्याला उघड्या छातीवर घ्यायची परवानगी मागा, वरून दुपटं. आईच्या त्वचेची ऊब मिळेपर्यंत बापाच्या छातीवरही बाळ उबदार राहतं आणि शांत होतं.

७. पहिला तास

नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबणं बाळाच्या रक्तासाठी चांगलं. याबद्दल आधीच्या भेटीत विचारून ठेवा. बाळ लगेच आईच्या छातीवर ठेवायचं आणि तासाभरात अंगावर पाजायचं. सुरुवातीचं घट्ट पिवळसर चीकदूध थोडंच येतं आणि तेवढंच पुरतं. मध नको, साखरेचं पाणी नको, घुटी नको. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. आठव्या महिन्यातल्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर विचारा. मान राहतो आणि कामही होतं.

के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य डोस (जन्मताच द्यायचा) आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस, हे कार्डावर लिहिलं गेलंय ना ते बघा. वार पडल्यानंतरही तिच्याकडे लक्ष ठेवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा ती पांढरीफटक पडत असेल, तर तत्काळ सिस्टरांना बोलवा.

८. घरी आल्यावर

आता तुमची राखून ठेवलेली रजा कामी येते. दूध पाजणं सोडून बाकी सगळं बापाला येतं: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री उठून बाळ तिच्या हातात देणं आणि परत घेणं. माहेरच्या घरात जावयाला कोणी काम सांगत नाही, म्हणून सांगण्याची वाट बघू नका. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू सासूबाई करतील, भांडी तुम्ही घासा.

शेक-शेगडीची पद्धत असेल तर बंद खोलीत कोळसे पेटवू देऊ नका. त्या वायूने आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. नाळेला हळद-तेल लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. बाळ पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं, किंवा नंतर पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास धापा टाकल्यासारखा चालला, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, त्याची धास्ती नको. बायकोला ताप, दुर्गंधी येणारा स्राव, पोटरीत सूज आणि दुखणं, असह्य डोकेदुखी, यांपैकी काही झालं तरी तसंच करायचं.

पहिल्या आठवड्यात तिला कारण नसताना रडू येईल. जवळ बसा. पण दोन आठवडे उलटूनही उदासी गेली नाही, बाळाकडे बघवत नाही असं ती म्हणाली, झोप मिळूनही झोप लागत नसेल, तर ते दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखाना कळवतो, तरी पाठपुरावा बापाने करावा. बारसं लांबलं तर काळजी नको: नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार, म्हणून अर्जातलं प्रत्येक अक्षर आधार कार्डाशी ताडून बघा. आणि आईच्या नावाच्या रकान्यात माहेरचं आडनाव लिहायचं की सासरचं, हे तिला विचारल्याशिवाय भरू नका.