आधी खडाखडी, मग डाव: फायटिंग गेम नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

पहिला महिना कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून मारायचे फटके, शिकू नका. शाहूपुरीत माझ्या दुकानामागच्या खोलीत रविवारी संध्याकाळी जी पोरंपोरी खेळायला येतात, त्यांना मी हेच सांगतो आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. यूट्यूबवर बघून आलेले असतात ना! सलग बारा-पंधरा फटके बसतायत, समोरचा हवेतच लोंबकळतोय. पण त्यातला पहिला फटका बसला कसा, हे त्या व्हिडिओत कुणी दाखवत नाही. खरा खेळ तर तिथंच असतो.

कोल्हापुरात हे समजावणं सोपं जातं. खासबागेत कुस्ती बघितलेल्याला ठाऊक असतं की सलामी झाली की लगेच डाव पडत नाही. आधी खडाखडी चालते. हाताला हात लागतो, मान दाबून बघितली जाते, पाय पुढं येतो आणि तेवढ्यात मागं जातो. समोरचा किती लांबून पट काढू शकतो याचा अंदाज चाललेला असतो. फायटिंग गेममध्ये या टप्प्याला न्यूट्रल म्हणतात, आणि नवशिक्या नेमका हाच टप्पा सोडून उडी मारतो.

उदाहरणं मी स्ट्रीट फायटर सिक्समधली देतो. 2023 च्या जूनमध्ये आलेला हा गेम आहे, त्याचा सराव मोड फार चांगला आहे आणि पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाले एकमेकांशी खेळू शकतात. तुमच्याकडं टेकन एट असेल तरी तत्त्वं हीच, फक्त आकडे बदलतील.

पात्र एकच निवडा आणि निदान दोन-तीन महिने बदलू नका. मी नव्या माणसाला रियू देतो. त्याच्याकडं लांबून मारायचा हादोकेन आहे, उडी मारून येणाऱ्याला पाडायला शोर्युकेन आहे, आणि त्याचा प्रत्येक फटका काय करतो ते सरळ दिसतं. कंट्रोल मॉडर्न घ्यायचे की क्लासिक, यावर लोक उगाच भांडतात. मॉडर्नमध्ये स्पेशल, म्हणजे हादोकेनसारखा खास फटका, एका बटणावर निघतो, त्या बदल्यात तसा काढलेल्या स्पेशलचा मार वीस टक्के कमी बसतो आणि काही साधे फटके मिळत नाहीत. ज्याला बोटांपेक्षा डोक्यानं खेळ आधी शिकायचाय त्यानं खुशाल मॉडर्न घ्यावं. महागडी स्टिक घ्यायची गरज नाही. कन्सोलबरोबर आलेला पॅड पुरतो, फक्त दिशेसाठी गोल काडीऐवजी चार बाणांची बटणं वापरा. आणि टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. तो बंद असला की बटण दाबल्यावर फटका उशिरा निघतो आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

आता पहिला धडा: अंतर. सराव मोडमध्ये समोर डमी उभा करा. रियूची खाली बसून मारायची मधली लाथ बरोबर कुठून लागते ती जागा शोधा. एक पाऊल मागं गेलात तर लागू नये, इतकी नेमकी. त्या जागेवर पुढं-मागं चालत राहा. मग खऱ्या सामन्यात बघा, समोरचा बहुतेक वेळा जवळ यायच्या आतच फटका मारून मोकळा होतो. तो फटका हवेत गेला की त्याचा हात किंवा पाय अजून पुढंच असतो, आणि तेवढ्या वेळात तुमची लाथ बसते. हे जमायला वेळ लागतो. पण एकदा जमलं की तुम्ही पळत सुटत नाही, उभं राहायला लागता.

दुसरं, ब्लॉक. मागची दिशा धरली की ब्लॉक होतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मार खाताना कुणी धरत नाही, बटणं कुटत राहतात. सवय अशी लावा: काहीच सुचत नसेल तर बसून ब्लॉक. खालून येणारे फटके वेगवान असतात, ते बसूनच अडतात. उभं राहून अडवावे लागणारे फटके म्हणजे हवेतून येणारी लाथ आणि ओव्हरहेड. हे सहसा हळू असतात, दिसतात. ब्लॉकला उत्तर म्हणून समोरचा थ्रो करेल, म्हणजे पकडून आपटेल. त्यातून सुटायला क्लासिकमध्ये हलका ठोसा आणि हलकी लाथ एकदम दाबायची. पण सुरुवातीला चार-दोन थ्रो खाल्ले तरी चालतील, ब्लॉक सोडून बटणं कुटून खाल्लेला मार त्यापेक्षा जास्त महाग पडतो.

आता जिथं मी पोरांना सगळ्यात जास्त घासायला लावतो ती गोष्ट. त्यासाठी थोडं गणित.

हा गेम सेकंदाला 60 फ्रेमवर, म्हणजे 60 चित्रांवर, चालतो. बघून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे पंधरा फ्रेम. रियूचा बसून मारलेला हलका ठोसा चार फ्रेममध्ये लागतो. तो बघून अडवणं कुणालाच शक्य नाही, जपानच्या चॅम्पियनलाही नाही. पण उडी? उडी मारून खाली येईपर्यंत 45 च्या आसपास फ्रेम जातात. पाऊण सेकंद! शिवाय या गेममध्ये हवेत ब्लॉक करता येत नाही, दिशाही बदलता येत नाही. ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जो रंगीत धडाका आहे तो लागायला 26 फ्रेम घेतो. तोही लक्ष असेल तर दिसतो, आणि त्याचं सोपं उत्तर म्हणजे तुमचा स्वतःचा ड्राइव्ह इम्पॅक्ट. तेव्हा डोळ्यांना दोनच कामं द्या: उडी आणि इम्पॅक्ट. बाकीचं बघून नाही, आधी ठरवून खेळायचं असतं.

उडी पाडायचा सराव असा करा. सराव मोडमध्ये डमीच्या हालचाली रेकॉर्ड करता येतात. पहिल्या जागेत उडी मारून लाथ रेकॉर्ड करा. दुसऱ्यात नुसतं पुढं चालणं. तिसऱ्यात हादोकेन. मग तिन्ही कुठल्याही क्रमानं लावून द्या. हादोकेन आला तर ब्लॉक, चालत आला तर बसून मधली लाथ, उडाला तर बसून जोरदार ठोसा. शोर्युकेन मुद्दाम सांगत नाही, कारण त्याची दिशा घाईत चुकते आणि बसून मारलेला जोरदार ठोसा एका बटणावर निघतो. नुसती उडी लावून सराव केलात तर काही उपयोग नाही, कारण मग तुम्ही उडीची वाटच बघत बसलेले असता. सामन्यात तुमचं अर्धं लक्ष दुसरीकडं असतं, सरावातही ते तसंच असायला हवं. रोज दहा-पंधरा मिनिटं हे करा. खालच्या रँकमध्ये लोक इतक्या उड्या मारतात, की एवढ्यावरसुद्धा भरपूर सामने निघतात.

लोकांना वाटतं हा खेळ विजेसारख्या बोटांचा आहे. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट फायटर फाइव्हचं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूनं जिंकलं तेव्हा तो 44 वर्षांचा होता. आपल्याकडून मयंक प्रजापती आणि अयान बिश्वास तिथं खेळले होते. आणि 2004 चा तो गाजलेला क्षण, ज्यात जपानचा खेळाडू दायगो उमेहारा जवळजवळ संपलेल्या ताकदीवर समोरच्या चुन-ली या पात्राच्या सुपरच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या हल्ल्याच्या, पंधराच्या पंधरा लाथा पॅरी करतो, म्हणजे नेमक्या वेळी दाबून परतवतो, तो जरूर बघा. पण हे लक्षात ठेवून बघा की पहिल्या लाथेची पॅरी सुपर दिसल्यावर दाबून चालत नाही, उशीर झालेला असतो. सुपर येणार हे त्यानं आधीच ओळखलं होतं.

यानंतर शिक्षा शिका, म्हणजे पनिश. प्रत्येक फटक्यानंतर मारणारा काही फ्रेम अडकलेला असतो. सराव मोडमधलं फ्रेम मीटर चालू केलं की ते पट्टीवर दिसतं. रियूचा शोर्युकेन ब्लॉक झाला तर तो वीसहून जास्त फ्रेम मोकळा सापडतो. एवढ्या वेळात तुम्हाला हवं ते मारता येतं. तुम्हाला नेहमी त्रास देणाऱ्या एका पात्राचे दोन-तीन असे फटके शोधून काढा, तेवढेच पाठ करा. सगळा तक्ता पाठ करणारे मी बघितलेत, सामन्यात त्यांना काहीच आठवत नाही.

या पनिशसाठीच पहिला कॉम्बो लागतो, आणि तोही लहान. बसून मधली लाथ, तिला जोडून हादोकेन. बास. योगायोगाची गोष्ट म्हणजे 1991 च्या स्ट्रीट फायटर टूमध्ये कॉम्बो मुद्दाम घातलेला नव्हता. बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की फटके असे जोडले जातायत, आणि त्यांनी ते राहू दिलं. म्हणजे अंतर, उडी, ब्लॉक यांचा खेळ आधीच उभा होता.

ड्राइव्ह गेज, म्हणजे ड्राइव्ह इम्पॅक्टसारख्या गोष्टींना खर्च होणारी पट्टी, तिच्याबद्दल एकच नियम: सहाच्या सहा खाने संपवू नका. संपले की बर्नआउट होतो, मग ब्लॉक करतानाही ताकद झिजते आणि कोपऱ्यात इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी तुम्ही भोवळ येऊन उभे.

ऑनलाइन जाताना वायफायऐवजी लॅनची केबल लावा. रँकचे पहिले दहा सामने तुम्हाला कुठं बसवायचं ते ठरवतात, त्यांची धास्ती नको. प्रत्येक दिवशी एकच काम घेऊन बसा: आज उड्या पाडायच्या. किती सामने जिंकलात ते मोजू नका, समोरच्यानं मारलेल्या उड्यांपैकी किती पाडल्या ते रिप्लेमध्ये मोजा.

आणि शक्य असेल तिथं शेजारी बसून खेळा. लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशनं 2019 मध्ये टेकनमध्ये इव्हो जपान आणि इव्हो या फायटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याच्या गावातल्या तगड्या खेळाडूंशी रोज भिडल्याशिवाय असा गडी तयार होत नाही, असं मला मनापासून वाटतं. आमच्या खोलीवर रीत आहे, की सामना झाल्यावर हरलेल्यानं जिंकलेल्याला विचारायचं, 'माझं काय दिसलं तुला?' आणि जिंकलेल्यानं खरं सांगायचं, लपवायचं नाही. मंगळवार पेठेतली एक कॉलेजची मुलगी एकाला म्हणाली, "तू खाली पडलास की उठताना दर वेळी शोर्युकेन मारतोस. मी नुसती ब्लॉक धरून बसते." पुढच्या सामन्यात तो उठताना गप्प ब्लॉक करून राहिला. ती वाट बघत राहिली, काहीच आलं नाही. दोनदा असं झाल्यावर तिनं थ्रो सुरू केले.