संगणकावर गिटार रेकॉर्ड करताना इफेक्ट ऐकताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटार ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात नेणाऱ्या व परत आणणाऱ्या उपकरणाला) जोडल्यावर तिचा आवाज हेडफोनपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. डायरेक्ट मॉनिटरिंगची वाट इंटरफेसच्या आतूनच जाते. तिच्यात उशीर जवळजवळ नसतो, पण संगणकातले इफेक्टही नसतात. दुसरी वाट संगणकात शिरून, अँप सिम्युलेटरमधून, म्हणजे अँप्लिफायरची नक्कल करणाऱ्या प्लगइनमधून (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून), फिरून परत येते. या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू राहणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कोरडा (इफेक्ट नसलेला) स्वर आधी आणि इफेक्टचा स्वर क्षणभर मागून आल्यामुळे आवाज पोकळ होतो, आणि वादक मात्र प्लगइनला दोष देत त्याची सेटिंग बदलत बसतो. अँप सिम्युलेटर ऐकत वाजवायचे असेल, तर डायरेक्ट मॉनिटरिंग पूर्ण बंद करावे.

उशीर जाणवू लागला की आधी बफर (संगणक एका वेळी आवाजाचे जितके नमुने, म्हणजे सॅम्पल, साठवून पुढे पाठवतो तो साठा) तपासावा. 48 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंद, आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना तो दोनदा लागत असल्याने एकूण उशीर 40 मिलिसेकंदांच्या पुढे जातो. अशा अवस्थेत द्रुत लय सांभाळणे फार कठीण असते. 128 सॅम्पलवर हाच हिशेब साडेपाच मिलिसेकंदांच्या जवळ येतो, आणि त्यात ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारे सॉफ्टवेअर) व कन्व्हर्टर (आवाजाचे आकड्यांत आणि परत आवाजात रूपांतर करणारा भाग) यांची थोडी भर पडते. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर साडेतीन मीटरवरच्या अँपसमोर वाजवण्याइतकाच असतो आणि बहुतेक वादकांना तो चालतो. बफर फार खाली नेल्यास आवाजात तडतड सुरू होते. ती थांबेल तिथपर्यंतच वर यावे. विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर वापरावा, आणि ब्लूटूथ हेडफोन या कामातून वगळावेत.

बफर कमी करूनही उशीर राहिला, तर मास्टर ट्रॅक (सर्व ट्रॅकचा आवाज जिथे एकत्र येतो तो) पाहावा. पुढचा आवाज आधी पाहून काम करणारे लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारे प्लगइन) आणि लिनिअर फेज इक्वलायझर स्वतःचा उशीर घालतात, आणि सगळे जुळावे म्हणून सॉफ्टवेअरची उशिराची भरपाई इतर ट्रॅक थांबवून ठेवते. तुमच्या बोटांना मात्र ती थांबवू शकत नाही. असे प्लगइन मिक्सिंगपर्यंत बंद ठेवावेत. लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला लो लेटन्सी (कमी उशिराचा) मोड याच कामासाठी आहे.

सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते इनपुटच्या पातळीकडे, आणि नुकसान तिथेच सर्वांत जास्त होते. अँप सिम्युलेटरचे डिस्टॉर्शन चढलेले असताना इंटरफेसवर आवाज फाटत असला तरी कानाला कळत नाही. नंतर क्लीन (डिस्टॉर्शन नसलेला) टोन हवा झाला की फाटलेला टेक (रेकॉर्ड केलेला तुकडा) दुरुस्त होत नाही. म्हणून सर्वांत जोरकस स्ट्रोक वाजवून, प्लगइनच्या आधीचा मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावा. 24 बिटच्या रेकॉर्डिंगला तेवढी मोकळी जागा सहज परवडते. गिटार लाइन इनपुटला न जोडता इन्स्ट्रुमेंट इनपुटला जोडावी, नाहीतर पिकअपचा आवाज मंद होतो आणि ती उणीव प्लगइनमधला ट्रेबल वाढवून भरून निघत नाही.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवरचा इफेक्ट फक्त ऐकू येतो आणि फाइल कोरडीच राहते. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये मात्र इनपुट एफएक्समध्ये (ट्रॅकच्या इनपुटवरच्या इफेक्टच्या यादीत) घातलेला इफेक्ट कायमचा मुद्रित होतो, त्यामुळे अँप सिम्युलेटर ट्रॅकच्या नेहमीच्या एफएक्समध्येच ठेवलेला बरा.

माइकवर हार्मोनियम किंवा गायन घेताना या दोन वाटांचा उलट उपयोग करता येतो. कोरडा आवाज डायरेक्ट मॉनिटरिंगने ऐकावा, आणि संगणकातून ड्राय (मूळ आवाजाचे प्रमाण) शून्यावर ठेवलेला रिव्हर्ब (घुमारा) तेवढा घ्यावा. रिव्हर्बला झालेला थोडा उशीर कानाला खटकत नाही.

वाजवताना सारे नीट जुळते, पण टेक परत ऐकताना तालाच्या मागे पडतो, असे झाले तर ड्रायव्हर आपला उशीर चुकीचा सांगत असण्याची शक्यता असते. इंटरफेसचे आउटपुट केबलने त्याच्याच लाइन इनपुटला जोडावे, त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करून एक क्लिक मुद्रित करावा आणि मूळ क्लिकपासूनचे अंतर मोजून तेवढे सॅम्पल रेकॉर्डिंगच्या ऑफसेटमध्ये (वेळेच्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये) भरावेत.