सिनेगॉगमधल्या कार्यकर्त्यांचा सत्कार : 'मदत केली' म्हणू नका

मुंबईचं शाआर हारहमीम १७९६ सालचं, ठाण्याचं शाआर हाशामाईम १८७९ चं. आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, अजूनही मशीदच म्हणतात. बेने इस्राएलांची, म्हणजे आम्हा मराठी यहुद्यांची, कुठलीही मशीद घ्या, पगारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. बाकी सगळं फुकट राबणाऱ्यांच्या जिवावर चालतं. त्यांचा वर्षातून एकदा मान करायचा, तर तो नीट करा. गेली कित्येक वर्षं हे काम माझ्या गळ्यात आहे आणि दर वर्षी कुणीतरी तोच सल्ला घेऊन येतं : शाल, श्रीफळ, सोनेरी स्मृतिचिन्ह. शाली कपाटात पडून राहतात, स्मृतिचिन्हावर धूळ बसते. नारळ हातात देण्यापेक्षा मलिद्यात, म्हणजे आमच्या गोड पोह्यांच्या प्रसादात, खवून घातलेला बरा.

तारीख आधी ठरवा. शनिवारी शाब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणजे माईक नाही, फोटो नाहीत, लिहिणं नाही, पाकीट देणं-घेणं नाही. म्हणून दोन भाग करा : शनिवारी सकाळी तेफिल्लामध्ये (प्रार्थनेत) तोराचा, म्हणजे धर्मग्रंथाचा, मान, रविवारी मलिदा आणि भाषणं. तिशा बेआवच्या, म्हणजे आपल्या बिरड्याच्या रोजाच्या, आधीचे तीन आठवडे टाळा. वर्षभर ज्याने सगळ्यात जास्त ओढलं असा एखादा असेल, तर त्याला सिम्हात तोराच्या सणापर्यंत थांबवून हातान तोरा, म्हणजे तोराचा नवरदेव, करा. त्याहून मोठा मान नाही.

आता यादी. इथे मी सलग तीन वर्षं मार खाल्ला आहे.

कमिटीला बसवून 'कोणाकोणाची नावं घ्यायची?' असं विचारलंत की कमिटी स्वतःचीच नावं सांगते. त्यात लबाडी नसते. त्यांना दिसतात ते लोक मीटिंगमधले. म्हणून मी शमाशकडे जातो. दिवे लावणारा, कुलूप उघडणारा तो. त्याला एकच प्रश्न विचारायचा : 'कोण आलं नाही की अडतं?' पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने सात नावं सांगितली. त्यातली चार माझ्या यादीत नव्हती.

नावं मिळाली की प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा. याच वाक्यावर सगळा सत्कार उभा राहतो किंवा पडतो. एका वर्षी मी मोठ्या आवाजात वाचलं, 'काकूंनी मलिद्यासाठी खूप मदत केली.' काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, 'मदत? मग केलं कोणी?'

खरंच, केलं कोणी? पहाटे उठून पोहे त्यांनी भिजवले, नारळ त्यांनी खवले, गूळ त्यांनी किसला, वेलची त्यांनी कुटली. ताटात पाच फळं, गुलाब आणि सब्जाची डहाळी आहे ना, हेही त्यांनीच पाहिलं. आम्ही फक्त एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं गाणं म्हटलं आणि खाल्लं. त्या दिवसापासून 'मदत', 'योगदान', 'मोलाचं सहकार्य' आणि 'युवाशक्ती' हे शब्द माझ्या कागदावर येत नाहीत. वाक्यात क्रियापद हवं, शक्य तिथे आकडा हवा, आणि काम कोणत्या दिवशी केलं तो दिवस हवा.

मुलांच्या बाबतीत तर याहून काटेकोर राहा, कारण पोकळ कौतुक त्यांना सगळ्यात आधी कळतं. आमच्याकडे एक पंधरा वर्षांचा मुलगा दर शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना जिन्यावरून उतरवून चालत आणायचा. ते आजोबा बहुतेक वेळा दहावे असायचे. दहा पुरुष नसले तर मिनयान नाही, आणि मिनयान नाही तर कुणाच्या तरी आईचा कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, राहिला. कमिटीने सुचवलेलं वाक्य होतं : 'उत्साही तरुण कार्यकर्ता.' मी वाचलं : 'याने वर्षभर दर शुक्रवारी आजोबांना अडतीस पायऱ्या हात धरून उतरवलं, म्हणून आपलं मिनयान झालं.' पोरगा कानापर्यंत लाल झाला. आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, 'एकोणचाळीस आहेत.' ती एक पायरी मी मोजली नव्हती. म्हणून सांगतो, वाक्य आधी संबंधित माणसाला वाचून दाखवा.

आणि विचाराही. काही मुलांना सगळ्यांसमोर उभं राहणं नको असतं. मयताला आंघोळ घालणारे तर जवळजवळ कधीच हो म्हणत नाहीत. ज्याची परतफेड होऊ शकत नाही असं ते काम, त्याचा गवगवा त्यांना आवडत नाही. त्यांच्या घरी जाऊन दोन शब्द बोला. यादीत नाव घालू नका.

मग हिब्रू नाव. 'मी-शेबेराख' नावाच्या आशीर्वादात हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, 'अमुक बेन तमुक' म्हणतो ('बेन' म्हणजे मुलगा), बाईसाठी 'बात' (मुलगी). घरात वडिलांना आबाजी म्हणत असले तरी आशीर्वादात अब्राहम. हसाजी म्हणजे यहेज्केल, समाजी म्हणजे शेमुएल. फोनवर विचारून लिहू नका, केतुबा (लग्नाचा करार) बघायला मागा. मुलांसाठी आईवडिलांची केतुबा चालते. कुणी 'बात अब्राहम' सांगून थांबलं तर तुम्हीही तिथेच थांबा. धर्मांतर करून आलेल्यांची नावं अशी असतात आणि पुढचा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. सगळी नावं स्वच्छ अक्षरात लिहून कागद शुक्रवारी दुपारीच हज्जानच्या सिद्दूरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) ठेवा. शनिवारी खोडता येणार नाही.

आलिया, म्हणजे तोरा वाचनासाठी बोलावण्याचे मान, वाटताना पहिल्या दोन कुणाला कबूल करू नका. आपल्यात कोहेन-लेवी ही पुरोहितांची घराणी जवळजवळ नाहीतच, पण नेमका त्याच शनिवारी एखादा पाहुणा कोहेन येतो आणि पहिली आलिया त्याची होते. लेवी नसला तर दुसरीही त्याचीच. सत्कारमूर्तीला तिसरीपासून पुढे घ्या. तेरा वर्षं पूर्ण नसलेल्या मुलाला हेखालचा, म्हणजे तोरा ठेवायच्या कपाटाचा, पडदा उघडायला द्यायचा असेल तर आधी हज्जानला विचारा. आपल्याकडे बायकांना आलिया नसते, म्हणून रविवारी पुढच्या खुर्च्या त्यांच्या. तिथे कमिटी बसलेली मला दिसली तर मी उठवतो.

रविवारचं सोपं आहे : मलिदा, वाक्यं, जेवण. जेवणात मटण असेल तर पेढे मागवू नका, मांसाबरोबर दूध चालत नाही, नारळाच्या दुधाचा हलवा करा. दर वर्षी कुणीतरी पेढे आणतंच.

द्यायचं काय? मोठ्यांना आत नाव लिहिलेला सिद्दूर. मुलांना मशिदीच्या लेटरहेडवर एक पत्र, त्यात तेच वाक्य आणि कामाचे तास. कॉलेजच्या अर्जाला ते लागतं. प्रशस्तिपत्र छापायचंच असेल तर त्यावर हिब्रूत देवाचं नाव नको. असा कागद रद्दीत टाकता येत नाही, गेनिझामध्ये, म्हणजे पवित्र कागद जपायच्या जागी, ठेवावा लागतो, नाहीतर बिचाऱ्या पोराला तो आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं.

मलिदा मात्र ज्यांचा सत्कार आहे त्यांना करायला लावू नका. ताटं घासायलाही नाही. आमच्याकडे त्या दिवशी अध्यक्ष आणि खजिनदार भांडी घासतात. काकू मागे उभ्या राहून सांगतात, 'तो कोपरा राहिला.'