ब्रेस्ट लिफ्ट करायचीय? मग टिकवायची तयारी ऑपरेशनच्या आधीपासून

आधी एक गोष्ट क्लिअर करते. तेलाचा मसाज, क्रीम, पुशअप यातल्या कशानेच ओघळलेले स्तन वर येत नाहीत. स्तनात स्नायू नसतातच, आत ग्रंथी आणि चरबी असते आणि त्यांना धरून ठेवणारे कूपर्स लिगामेंट म्हणून धागे असतात, ते आणि वरची कातडी एकदा ताणली की परत आखडत नाही. आणि अंगावर पाजल्याने ओघळतात असं जे सर्रास सांगतात ना, त्यावर अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये अभ्यास मांडला होता, त्यात वय, वजन, बाळंतपणं, मुळातला मोठा आकार आणि सिगरेट यांचा संबंध निघाला, पाजण्याचा नाही. तेव्हा फिगरच्या भीतीने कुणी पाजणं बंद करू नका प्लीज.

आता ब्रा काढून आरशासमोर सरळ उभ्या राहा आणि स्तनाच्या खालची घडी कुठे आहे ते बघा. निपल घडीच्या वर असेल आणि फक्त खालचा भाग लोंबत असेल तर कदाचित पूर्ण लिफ्टची गरजही नसेल, घडीच्या लेव्हलला असेल तर थोडं ओघळलेलं, घडीच्या खाली गेलं असेल तर जास्त, आणि जमिनीकडेच बघत असेल तर सगळ्यात वरची स्टेज. छेद किती मोठा घेणार हे बऱ्याच अंशी यावरच ठरतं. कमी असेल तर निपलभोवती गोल, मध्यम असेल तर गोल अधिक खाली उभी रेघ, आणि जास्त असेल तर त्यात घडीतली आडवी रेघ पण येते. व्रण राहणारच, "बिनव्रणाची लिफ्ट" असं कुणी विकत असेल तर तिथून सरळ उठा.

माझ्या मते रिझल्ट टिकणं सगळ्यात जास्त टायमिंगवर आहे. अजून मूल हवं असेल तर थांबा, कारण पुढच्या गरोदरपणात कातडी परत ताणते आणि पैसे पाण्यात. (नंतर पाजता येतं बऱ्याच जणींना, पण गॅरंटी कोणी देत नाही.) पाजणं बंद करून काही महिने जाऊ द्या, आकार स्थिर होऊ द्या. वजन कमी करायचंय? ते आधी करा आणि काही महिने तिथेच टिकवून दाखवा, मग डॉक्टरकडे जा, उलट क्रमाने केलं तर लिफ्ट झालेले स्तन पुन्हा रिकामे होऊन लोंबतात.

तंबाखूचं वेगळं सांगते कारण आपल्याकडे सिगरेट न ओढणाऱ्या कितीतरी बायका मशेरी लावतात आणि डॉक्टरने "स्मोकिंग करता का" विचारलं की नाही म्हणतात. निकोटिन ते निकोटिनच, रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, निपलची कातडी काळी पडून मरूसुद्धा शकते. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर सगळं बंद. ॲस्पिरिन, व्हिटॅमिन ई, काढे, जे काही घेत असाल ते पण सांगा.

डॉक्टर बघताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी डिग्री आहे का ते बघा, ब्युटी क्लिनिकच्या बोर्डवरचं "कॉस्मेटॉलॉजिस्ट" वेगळं. इन्शुरन्स साधारणपणे देत नाही, वर जीएसटी लागतो, बजेटमध्ये धरा. आणि लिफ्टने आकार वाढत नाही, वरचा भाग भरलेला हवा म्हणून मोठं इम्प्लांट (आत बसवायची सिलिकॉनची पिशवी) घातलं तर त्याच्या वजनाने कातडी परत ताणते, माझं मत विचाराल तर लहानच बरं.

ऑपरेशननंतर सुरुवातीला आकार विचित्र दिसतो, वर चढलेला, चौकोनी, घाबरू नका, तीन ते सहा महिन्यांत बसतो, महागड्या ब्रा तेव्हाच घ्या. पहिले काही आठवडे डॉक्टर सांगतील तितके दिवस रात्रंदिवस सर्जिकल ब्रा, पाठीवर झोपणं, तारेची ब्रा नाही. भरलेली बादली, गॅस सिलेंडर, कडेवर पोर, वरच्या फळीवरचे डबे, कणीक मळणं, खड्ड्यांतून स्कूटी, हे सगळं घरच्यांच्या गळ्यात घाला, तेही आधीच ठरवून, नंतर बोलत बसलात तर तुम्हीच उचलणार. एक बाजू अचानक फुगली, टणक झाली, ताप आला, निपल निळसर पडलं, पोटरी सुजली किंवा दम लागला तर उद्यावर ढकलू नका.

व्रण फिका पडून मऊ व्हायला वर्ष दीड वर्ष लागतं. जखम पूर्ण भरली की डॉक्टरांना विचारून सिलिकॉनची पट्टी लावा, ऊन लागू देऊ नका. कान टोचल्यावर गाठ आली होती का, ते आधीच सांगा, केलॉईडची, म्हणजे व्रण फुगून जाड गाठ होण्याची शक्यता त्यावरून कळते.

पुढे वजन वरखाली होऊ देऊ नका आणि पळताना, झुंबा करताना नीट फिट होणारी स्पोर्ट्स ब्रा घाला. वय होतं तसं थोडं खाली येणारच, पण पहिल्याइतकं लगेच नाही. चाळिशीच्या आसपास असाल तर ऑपरेशनआधी एक मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून रिपोर्ट जपून ठेवा आणि नंतर दर वेळी मॅमोग्राफीला गेलात की लिफ्ट झालीय हे टेक्निशियनला सांगा, कारण आतले व्रण फोटोत दिसतात आणि उगाच संशय येतो.