‘हळद भाव आज’ शोधणाऱ्यांचे पैसे मी भरत होते: छोट्या दुकानासाठी गुगल जाहिरात

आमचं दुकान सांगलीत, मार्केट यार्डापासून जवळ. सासरे ३५ वर्षं हळदीच्या व्यापारात आहेत. मी ५ वर्षांपूर्वी हळद पावडर आणि हळकुंडं वेबसाइटवरून विकायला लागले. गुगलवर पहिली जाहिरात लावली तेव्हा कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्या शोधावर आपली जाहिरात दिसावी तो शब्द म्हणून, एकच शब्द टाकला होता, हळद. ११ दिवसांत ४,००० रुपये गेले आणि ऑर्डरी आल्या दोन.

त्या रात्री खात्यात ‘सर्च टर्म्स’ नावाचा अहवाल सापडला. आपण निवडलेला कीवर्ड वेगळा आणि माणसानं प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द वेगळे. हा अहवाल ते दुसरे शब्द दाखवतो. ‘हळद भाव आज सांगली’, ‘सेलम हळद लागवड’, ‘हळदीचे उखाणे’, ‘हळदी समारंभ सजावट’, ‘हळद दूध फायदे’. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, “अगं, यातले निम्मे आपले शेतकरी आहेत. माल कधी आणायचा ते बघतायत.” मला ते फार लागलं. घरात पोती भरून ठेवलेला माणूस भाव बघायला आला, त्याला माझ्या पानावर पाव किलोचं पाकीट दिसलं, आणि त्या क्लिकचे सात रुपये मी मोजले. त्याचंही काम झालं नाही, माझंही नाही.

तेव्हापासून शिकत गेले. तुमची छोटी वेबसाइट असेल आणि क्लिकमागे पैसे देऊन गिऱ्हाईक आणायचं असेल, तर माझ्या अनुभवाचा क्रम असा आहे.

आधी वहीत हिशेब

खातं उघडण्याआधी वही काढा. एका क्लिकला आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो, हा आकडा तुमचा तुम्हालाच काढावा लागतो.

माझं उदाहरण घ्या. अर्धा किलोच्या पाकिटावर माल, दळण, पॅकिंग, कुरिअर जाऊन माझ्याकडे ३० रुपये उरतात. १०० क्लिकमागे मला साधारण ३ ऑर्डरी येतात, म्हणजे ९० रुपये. क्लिकला ९० पैशांच्या वर गेलं की तोटा, आणि त्या दरात क्लिक मिळत नाही. याउलट ‘वर्षाची हळद’ म्हणून ३ किलोचा डबा मी ८४० रुपयांना देते, त्यात २४० उरतात. तीन ऑर्डरींचे ७२०, म्हणजे क्लिकला ७ रुपये २० पैसे ही शेवटची हद्द. मी ५ रुपयांवर थांबते.

तिथे का थांबते, तेही सांगते. जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो. १०० क्लिकचे ५०० रुपये म्हणजे हातचे ५९० जातात. आगाऊ पैसे भरायची पद्धत घेतली तर १,००० रुपये भरल्यावर कर वजा होऊन जाहिरातीला सुमारे ८४७ च उरतात. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल तर खात्यात तो क्रमांक न चुकता भरा, कराचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असाल तर मिळत नाही, तेव्हा तो खर्चातच धरा.

१०० क्लिकमागे किती ऑर्डरी येतील हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं. एक धरा आणि बघा हिशेब बसतो का. माझा अर्धा किलोच्या पाकिटावर बसला नाही, म्हणून त्याची जाहिरात मी करतच नाही. ज्या मालात जागा आहे त्याचीच जाहिरात करायची.

सौदा आणि हळकुंड

गुगलवर प्रत्येक शोधाच्या वेळी क्षणात सौदा, म्हणजे लिलाव, होतो. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, असं मामा सांगतात. इथेही समोरच्यानं किती बोली लावली ते आपल्याला दिसत नाही. पण एक मोठा फरक आहे. नुसत्या जास्त बोलीवर इथे वरची जागा मिळत नाही. खरेदीदार जसा हळकुंड मोडून आतला रंग बघतो, तसं गुगल तुमची जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, लोक ती दाबतील का, आणि उघडणारं पान कामाचं आहे का, हे तपासतं. प्रत्येक कीवर्डसमोर १ ते १० मध्ये ‘क्वालिटी स्कोअर’ दिसतो. माझ्या एका कीवर्डचा तो ३ होता, कारण जाहिरात डब्याची होती आणि पान उघडत होतं दुकानाचं पहिलं. पान बदललं, काही आठवड्यांत ७ झाला आणि क्लिकचा सरासरी खर्च उतरला. बोली वाढवण्याआधी पान नीट करा.

शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

कीवर्ड तीन तऱ्हेनं टाकता येतो. नुसता लिहिला तर तो ब्रॉड, म्हणजे गुगलला जवळचं वाटेल त्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसू शकते. माझे ४,००० इथेच गेले. अवतरण चिन्हांत लिहिला की फ्रेज, त्यात तुमच्या शब्दांचा अर्थ शोधात असावा लागतो. चौकोनी कंसात लिहिला की एक्झॅक्ट, सगळ्यात घट्ट, तरी त्याच अर्थाचे दुसरे शब्द त्यातही चालतात. कमी बजेटवाल्यानं फ्रेज आणि एक्झॅक्टनंच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

शब्द निवडताना टाइप करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. ‘हळद’ लिहिणारा कोण ते कळत नाही. ‘सांगली हळद पावडर १ किलो’ लिहिणारी बाई पुण्याच्या स्वयंपाकघरात रिकामा डबा हातात घेऊन उभी आहे. ‘राजापुरी हळकुंड ऑनलाइन’ लिहिणाऱ्याला घरी दळायची आहे, त्याला पावडर दाखवू नका. एकच माणूस देवनागरीत लिहितो, रोमन अक्षरांत मराठी लिहितो, कधी ‘टर्मरिक’ लिहितो. तिन्ही तऱ्हा घ्या. रोमनमध्ये हळद, हळदी, हल्दी असे सगळे प्रकार येतात.

मग नको असलेले शब्द, म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड. इथे एक खोच आहे. हे शब्द तुम्ही लिहाल तेवढेच अडवतात, समानार्थी शब्द आपोआप अडत नाहीत. ‘भाव’ अडवला म्हणून ‘रेट’ अडत नाही. आणि सरसकट ‘दर’ अडवला तर ‘हळद पावडर दर १ किलो’ विचारणारं खरं गिऱ्हाईकही जातं. म्हणून मी ‘आजचा भाव’, ‘आजचा दर’, ‘बाजारभाव’, ‘क्विंटल’ असे जोडून शब्द टाकले. त्यांच्यासोबत लागवड, बियाणे, उखाणे, शुभेच्छा, सजावट, फायदे.

‘हळदी कुंकू’सुद्धा मी अडवलं होतं. संक्रांतीच्या आधी कोल्हापूरहून एका बाईंचा फोन आला, वाणासाठी छोटी पाकिटं मिळतील का म्हणून. मी तो शब्द त्याच दिवशी मोकळा केला आणि २५ छोट्या पाकिटांचा एक संच करून त्याची वेगळी जाहिरात लावली. जानेवारीत तीच सगळ्यात चांगली चालते. अडवण्याआधी विचार करा, त्या माणसाला देण्याजोगं आपल्याकडे काही आहे का.

तुमचा धंदा दुसरा असेल तरी रीत हीच. मिरजेत सतारी बनवणाऱ्यासाठी ‘सतार वादन’ शोधणारा श्रोता आहे, ‘सतार दुरुस्ती’ शोधणारा गिऱ्हाईक. साताऱ्यात कासकडे खोल्या देणाऱ्यासाठी ‘कास पठार फोटो’ निरुपयोगी, ‘कासजवळ राहण्याची सोय’ मोलाचा. तासगावच्या बेदाणेवाल्यानं ‘बेदाणा सौदा’ आधी अडवावा.

खातं उघडताना

खातं स्वतःच्या ईमेलवरच उघडा. मला हे महागात शिकावं लागलं. मध्ये एका एजन्सीला काम दिलं, त्यांनी खातं त्यांच्या नावावर काढलं. काम थांबवलं तेव्हा दहा महिन्यांचे सगळे आकडे त्यांच्याकडेच राहिले. कुणाला काम द्यायचंच असेल तर तुमच्या खात्यात त्यांना प्रवेश द्या, मालकी नाही. ओळख पडताळणीची कागदपत्रं गुगल मागतं, ती तयार ठेवा.

कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, ‘सर्च’ प्रकारची घ्या; तीत जाहिरात शोधाच्या निकालांत दिसते. ‘परफॉर्मन्स मॅक्स’, म्हणजे जाहिरात कुठे दाखवायची ते गुगलच ठरवतं तो प्रकार, सुरुवातीला नको, पैसे नेमके कुठे गेले ते त्यात तितकं उघडून बघता येत नाही. पुढे ‘डिस्प्ले नेटवर्क’ (इतर वेबसाइट आणि ॲपवरच्या जाहिराती) आणि ‘सर्च पार्टनर’ (गुगलशी जोडलेल्या इतर साइटवरचे शोध) यांच्या खुणा आधीच केलेल्या असतात, त्या काढा. ठिकाणाच्या पर्यायांत मूळ निवड अशी असते की त्या भागात असलेले आणि त्या भागात नुसता रस असलेले, दोघांनाही जाहिरात दिसावी. तिथे फक्त त्या ठिकाणी असलेले लोक निवडा. मी मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक घेते आणि सांगली जिल्हा वगळते. आपल्याकडे हळद घरची असते किंवा ओळखीच्या दुकानातून येते, आणि भाव शोधणारे शेतकरीही इथलेच.

बोलीसाठी ‘मॅक्सिमाइझ क्लिक्स’ (बजेटात जास्तीत जास्त क्लिक आणणारी पद्धत) घेऊन एका क्लिकची कमाल मर्यादा घाला, माझी ५ रुपये. पुरेशा ऑर्डरी नोंदल्या गेल्या की मग ऑर्डरींवर आधारलेली पद्धत वापरून बघा.

दिवसाचं बजेट २०० रुपये ठेवलं आणि एखाद्या दिवशी ४०० गेले तर घाबरू नका. गुगल एका दिवशी दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याला ३०.४ पटीच्या वर नाही, म्हणजे ६,०८० रुपये.

जाहिरात आणि पान

एका जाहिरातीत १५ पर्यंत शीर्षकं देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरांची, आणि ९० अक्षरांची ४ वर्णनं. मराठी लिहिताना शेजारचा आकडा बघत राहा, काना-मात्रांनी जागा पटकन भरते. ‘नवी राजापुरी हळद, ३ किलो’ हे माझं सगळ्यात जास्त दाबलं गेलेलं शीर्षक आहे. किंमतही शीर्षकात घालते. ८४० रुपये वाचून जो दाबत नाही, त्याचे पैसे वाचले.

‘मधुमेहावर उपाय’, ‘कॅन्सर बरा’ असलं काही लिहू नका. जाहिरात नाकारली जाईलच, शिवाय १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात असे दावे गुन्हा आहेत. लोक हळद विश्वासानं खातात, त्यांना खोटी आशा दाखवायची नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते आपल्या मालावर मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. ती असेल तरच लिहा.

क्लिक केल्यावर थेट त्या मालाचंच पान उघडू दे. मोबाइलवर पहिल्याच पडद्यावर फोटो, किंमत, कुरिअरचा खर्च आणि ऑर्डरचं बटण दिसायला हवं. फूड लायसन्सचा क्रमांकही पानावर ठेवा. हरिपूरच्या पेवांवर मी एक लेख लिहिलाय, जमिनीखाली हळद कशी साठवत आणि २००५ च्या महापुरात पेवांचं किती नुकसान झालं. लोक तो आवडीनं वाचतात, फोन करून विचारतात. पण जाहिरातीचा क्लिक तिकडे कधी नेत नाही. वाचायला आलेला वाचून जातो, आणि ते योग्यच आहे.

घरच्यांना एक ताकीद द्या: आपली जाहिरात शोधून दाबायची नाही. माझ्या दिरांनी पुण्यात कौतुकानं चार वेळा दाबली होती. जाहिरात दिसते का हे बघायला खात्यातच ‘ॲड प्रिव्ह्यू’ नावाचं साधन आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

ऑर्डर मोजणं

वेबसाइटवर कन्व्हर्जनचा टॅग, म्हणजे जाहिरातीवरून आलेली ऑर्डर मोजणारा छोटा कोड, बसवा, ऑर्डर झाल्यावर ‘धन्यवाद’ म्हणणाऱ्या पानावर. व्हॉट्सॲपच्या बटणावरचे क्लिकही मोजता येतात, पण ती ऑर्डर नव्हे, नुसती चौकशी. माझी निम्मी विक्री व्हॉट्सॲपवर होते, म्हणून प्रत्येकाला विचारते, “आमचं नाव कुठे दिसलं?” आणि वहीत लिहिते. कॅश ऑन डिलिव्हरीचे परत आलेले डबे महिन्याच्या शेवटी वजा करते. गुगलच्या पडद्यावर ती विक्रीच दिसत राहते, वहीत खरी दिसते.

खात्यात ‘शिफारशी’ येत राहतात. बजेट वाढवा, ब्रॉड कीवर्ड घ्या. गुगलकडून फोनही येतात. प्रत्येक शिफारस वाचा, पण आपोआप लागू होण्याची सोय बंद ठेवा. किती शिफारशी पाळल्या त्यावर तिथे दिसणारा टक्क्यांचा आकडा १०० नसला म्हणून काही बिघडत नाही.

दर सोमवारी सकाळी, सौद्याला जाण्याआधी, मामा आणि मी आठवड्याचे सर्च टर्म्स वाचतो. पंधरा मिनिटं लागतात. कुठला शब्द शेतकऱ्याचा आणि कुठला गिऱ्हाइकाचा, हे ते माझ्यापेक्षा लवकर ओळखतात.

उन्हाळी कामं, म्हणजे वर्षाचं तिखट, हळद, मसाले, संपून पाऊस सुरू झाला की मी डब्याची जाहिरात थांबवते. थांबवताना ती ‘रिमूव्ह’ करू नका, ‘पॉज’ करा. काढून टाकलेली कॅम्पेन पुन्हा सुरू करता येत नाही. पॉज केलेली मात्र नको असलेल्या शब्दांच्या यादीसकट तशीच राहते, आणि मार्चमध्ये नवी हळद दळून आली की एका बटणावर चालू होते.